एडिनबरात धावायचं तर रॉयल माइल नको: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

एडिनबरात धावायला कुठे जाऊ, असं विचारलं की पहिलं नाव येतं रॉयल माइलचं. किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत उतरणारा, दोन्ही बाजूंना उंच दगडी इमारती असलेला रस्ता. बघायला तो सुंदरच आहे. पण ऑगस्ट ते जून इथे नियमित धावल्यावर मी खात्रीने सांगते, की धावण्यासाठी शहरातला हा सगळ्यात गैरसोयीचा पट्टा आहे. फरसबंदी दगडी ठोकळ्यांची, प्रत्येक ठोकळ्याची उंची वेगळी, आणि पाऊस पडून गेला की त्यावर साबण फिरवल्यासारखा निसरडेपणा येतो. घोटा मुरगळायला आणखी काय हवं? ऑगस्टमध्ये फेस्टिवलची गर्दी असते, तेव्हा तर चालणंही कठीण. अगदी पहाटे, रस्ता रिकामा असताना, एकदा हौस म्हणून वरून खाली जरूर उतरा. रोजच्या सरावाला मात्र दुसरीकडे जा.

दुसरीकडे म्हणजे कुठे, याचं माझ्यापुरतं उत्तर आता पक्कं झालं आहे. या शहरात पायांना मानवणारे रस्ते म्हणजे जुने कामाचे रस्ते: कोळसा वाहून नेणारा रेल्वेमार्ग, मालाच्या होड्यांचा कालवा, पाणचक्क्यांची नदी, राणीच्या बग्गीसाठी काढलेली सडक. ओझं ओढणाऱ्या घोड्याला झेपेल असाच चढ तिथे ठेवलेला असतो, आणि तो चढ माणसालाही झेपतो.

सुरुवात हॉलीरूड पार्कपासून करावी. राजवाड्याला लागूनच हे उद्यान आहे आणि त्याच्या मधोमध आर्थर्स सीट हा २५१ मीटर उंचीचा डोंगर. सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा हा उरलेला भाग. डोंगराला वळसा घालणारी क्वीन्स ड्राइव्ह ही सडक राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. पूर्ण फेरी जवळपास पाच किलोमीटरची, डांबरी, आणि रविवारी तिचे काही भाग मोटारींना बंद असतात. त्यामुळे लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या लांब पल्ल्याच्या धावेच्या, आधी किंवा नंतर एक फेरी जोडायला रविवार उत्तम.

फेरी कोणत्या दिशेने मारायची यावर सगळा अनुभव बदलतो. राजवाड्यापासून सेंट मार्गारेट्स लॉककडे (लॉक म्हणजे इथल्या भाषेत तळं), म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे निघालात तर तळ्यातले हंस आणि वरच्या सेंट अँथनीज चॅपलचे भग्न अवशेष बघेपर्यंत चढ सुरू होतो आणि डनसॅपी लॉक येईपर्यंत सुटत नाही. धाप लागते, पोटऱ्या भरतात, पण एकदा वर पोहोचलात की उरलेली फेरी जवळपास उताराचीच. खाली डडिंगस्टन लॉक दिसतं, पुढे समुद्राची रेघ. उलट दिशेने गेलात तर चढ पसरट आहे आणि शेवटचा उतार वेगाचा, तिथे गुडघ्यांना जपावं लागतं. मी चढाच्या सरावाला पहिली दिशा धरते आणि इझी रनला, म्हणजे आरामात धावायच्या दिवशी, दुसरी.

माथ्यावर जायचं असेल तर डनसॅपीच्या बाजूने गवतातून जाणारी वाट सर्वांत सोपी. शेवटचे काही मीटर उघडा खडक आहे आणि लाखो पावलांनी तो गुळगुळीत झाला आहे. कोरड्या दिवशीही तिथे धावू नये, हात टेकत चढावं. एप्रिल-मे मध्ये हाच उतार गॉर्सच्या पिवळ्या फुलांनी भरतो. काटेरी झुडूप आहे, पण ऊन तापलं की त्याला चक्क खोबऱ्याचा वास येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी चढावर थांबून एका फांदीपाशी नाक नेलं, आणि घड्याळातल्या पेसकडे, म्हणजे धावण्याच्या वेगाकडे, दुर्लक्ष केलं.

एक सावधगिरी. सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्याच्या पायथ्याने जाणारी रॅडिकल रोड ही वाट नकाशात फार मोहक दिसते. १८२० च्या स्कॉटलंडमधल्या कामगारांच्या उठावानंतर बेकार विणकरांना काम म्हणून, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या सूचनेवरून ती बांधली गेली. २०१८ मध्ये कड्याचा मोठा तुकडा कोसळला आणि वाट बंद झाली. मी वापरत असलेल्या धावण्याच्या ॲपने मात्र ती बिनदिक्कत मार्गात घालून दिली होती, आणि समोर कुंपण आलं. ॲपवर विसंबू नका, उद्यानाची ताजी सूचना पाहूनच ठरवा. कड्याच्या वरच्या अंगानेही पायवाट आहे. तिथून किल्ला आणि जुनं शहर एका नजरेत येतं, पण वाऱ्याच्या दिवशी कडेला जाऊ नये.

हॉलीरूडच्या दक्षिणेला, सेंट लेनर्ड्सच्या घरांमागे इनोसंट रेल्वेच्या बोगद्याचं तोंड आहे. ठाऊक नसेल तर दिसतच नाही. १८३१ मध्ये सुरू झालेला हा मार्ग डॅलकीथ भागातल्या खाणींचा कोळसा शहरात आणायचा, आणि गाड्या घोडे ओढायचे. बोगद्यातला चढ मात्र घोड्यांच्याही आवाक्याबाहेरचा, तीस मीटरला एक मीटर. म्हणून वर वाफेचं इंजिन बसवून दोराने डबे खेचत. आज ५१८ मीटरच्या त्या बोगद्यात दिवे आहेत, जमीन गुळगुळीत आहे, आणि बाहेर वादळ असलं तरी आत वारा लागत नाही. पाऊस कोसळत असताना मी इथेच इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू धावण्याचा सराव, करते: वर चढताना जोर, खाली येताना हलकं धावणं. चढ एकसारखा असल्याने प्रत्येक फेरीची तुलना करता येते. डोंगरावर ते शक्य नाही. सायकलवाले वेगात येतात, म्हणून डावी बाजू धरावी आणि कानातले इअरफोन काढावेत. बोगद्यातून बाहेर पडलं की आर्थर्स सीटच्या दक्षिण पायथ्याने वाट पूर्वेकडे जाते, आणि पुढे गेलात तर ब्रन्स्टेनमार्गे पोर्टोबेलोच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचता येतं. परतीला चढ आहे हे लक्षात ठेवून ताकद राखा.

माझा सर्वांत लाडका मार्ग मात्र युनियन कालवा. १८२२ मध्ये खुला झालेला हा कालवा एडिनबरापासून फॉल्कर्कपर्यंत सुमारे ५० किलोमीटर जातो, आणि वाटेत पाण्याची पातळी कुठेच बदलत नाही. बांधणाऱ्यांनी समुद्रसपाटीपासून ७३ मीटरची समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीवरून जाणारी रेघ, धरली आणि डोंगर-दऱ्यांना वळसे घालत, दऱ्यांवर उंच पूल बांधत ती सोडली नाही. धावणाऱ्यासाठी याचा अर्थ काय, हे लाँग रनच्या शेवटच्या टप्प्यात कळतं. चढ नाही, सिग्नल नाही, पेस बिघडवणारं काहीच नाही. होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी पाण्याच्या कडेने ठेवलेली वाट, तीच आपली वाट. मॅरेथॉनच्या तयारीत टेम्पो रन, म्हणजे सलग एकाच जोरकस वेगाने धावण्याचा सराव, करायला शहरात याहून चांगली जागा मला सापडली नाही.

फाउंटनब्रिजच्या लॉक्रिन बेसिनपासून निघायचं. दगडी पुलांना क्रमांक आहेत, त्यामुळे घड्याळाची गरज नाही. पुढचा पूल, मग त्याच्या पुढचा, असं मनाशी ठरवत जाता येतं. पुलाखाली वाट अरुंद होते आणि पलीकडून येणारा दिसत नाही, म्हणून तिथे चालीवर यावं. सायकलची घंटा वाजली की बाजूला व्हायचं, तेही मागे न वळता. झटकन वळलं तर पाण्यात जायची भीती. स्लेटफर्डला आठ कमानींचा जलसेतू आहे. एका बाजूला कालव्याचं स्थिर पाणी, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा आणि खूप खाली वाहणारी वॉटर ऑफ लीथ नदी. इथली वाट दगडांची आहे आणि ओली असेल तर फारच निसरडी. थांबा, खाली बघा, मग पुढे चला. शहर संपलं की शेतं लागतात, आणि रॅथो गावापर्यंत जाऊन परत आलात तर अर्ध्या मॅरेथॉनहून मोठी धाव सहज होते. कमतरता एकच: उघड्या भागात पश्चिमेचा वारा समोरून येतो. जाताना तो सोसला की येताना तोच पाठीवर हात ठेवतो, म्हणून मी सुरुवात नेहमी शहरातूनच करते.

जलसेतूच्या टोकाशी पायऱ्या उतरल्या की थेट नदीकाठी पोहोचता. वॉटर ऑफ लीथच्या काठाने बॅलर्नोपासून लीथ बंदरापर्यंत सुमारे २० किलोमीटरची पायवाट आहे. एकेकाळी या छोट्या नदीवर ७० हून अधिक चक्क्या चालायच्या, पिठाच्या, कागदाच्या, कापडाच्या. एवढ्या चक्क्या चालवायला नदीला जी घसरण लागते, तीच धावणाऱ्याच्या कामाची: ४४ नंबरच्या बसने बॅलर्नोला जायचं आणि नदीबरोबर खाली, समुद्राकडे धावत यायचं. पहिल्यांदाच २० किलोमीटर गाठू पाहणाऱ्याला मी हाच मार्ग सांगते. कॉलिंटनचा जुना रेल्वे बोगदा भिंतभर रंगीत चित्रांनी सजवला आहे. पुढे दाट झाडीची घळ, मग डीन व्हिलेजच्या जुन्या गिरण्यांच्या इमारती. वर मान केली तर अभियंते थॉमस टेलफर्ड यांनी बांधलेला डीन ब्रिज डोक्यावर इतका उंच दिसतो, की रस्त्यावरचं शहर आणि नदीकाठचं शहर वेगळी वाटू लागतात. शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचे लोखंडी पुतळे नदीत मधूनच उभे दिसतात. संध्याकाळच्या उजेडात पहिल्यांदा दिसला तेव्हा मला खराच माणूस पाण्यात उभा असल्यासारखं वाटलं.

हा मार्ग डिसेंबर-जानेवारीत टाळावा. कुजलेली पानं, मुळं, चिखल, आणि मोठ्या पावसानंतर काही ठिकाणी वाटेवर आलेलं पाणी. कधी एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद असतो आणि रस्त्यावरून वळसा पडतो. ट्रेल शूज हवेतच.

हिवाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण मुक्काम लांबला तर हाच खरा प्रश्न. डिसेंबरच्या मध्यात सूर्य पावणेनऊला जेमतेम उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. नोकरी करणाऱ्याला आठवडाभर अंधारातच धावावं लागतं. कालव्याचा काठ आणि नदीची घळ तेव्हा सोडून द्यायची. मेडोज हे विद्यापीठाजवळचं सपाट मैदान, दिव्यांच्या आणि माणसांच्या सोबतीचं, मला या महिन्यांत सर्वांत उपयोगी पडलं. देखावा थोडा, पण सुरक्षितता पूर्ण. एकटीने धावणाऱ्या बायकांनी आधी हेच बघावं असं मला मनापासून वाटतं. आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा या सगळ्याची भरपाई होते.

समुद्राकाठी क्रॅमंडला दर शनिवारी सकाळी साडेनऊला मोफत पार्करन, म्हणजे सगळ्यांसाठी खुली सामूहिक धाव, असते, पाच किलोमीटर, पूर्ण सपाट. नवख्यांनी तिथून सुरुवात करावी, ओळखीही होतात. समोरच्या क्रॅमंड बेटावर ओहोटीला पायी जाता येतं. शेजारी दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे सुळके ओळीने उभे आहेत. बेटावर जायचं तर ओहोटीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास, एवढीच वेळ सुरक्षित. फलकावरचं वेळापत्रक वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. भरती आली की वाट पाण्याखाली जाते आणि अडकलेल्यांना बोटीने आणावं लागतं.

पेंटलंड टेकड्यांवर मी आत्ता कुठे जायला लागले आहे. फ्लॉटरस्टोनपासून ग्लेनकोर्स जलाशयापर्यंतचा रस्ता सोपा, त्यावरच्या टेकड्या मात्र पायांची परीक्षा घेणाऱ्या. सर्वांत उंच स्काल्ड लॉ ५७९ मीटर. तिथे हवा मिनिटांत बदलते, त्यामुळे जूनमध्येही जॅकेट, शिट्टी आणि कागदी नकाशा सोबत ठेवते. मेंढ्यांची पिल्लं असतात तेव्हा कुंपणाची फाटकं होती तशीच सोडायची आणि कळपाला लांबून वळसा घालायचा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, तो जबाबदारीने वापरण्याच्या अटीवरच.