‘फक्त चाळीस काडतुसं उडालीत’ असं सांगून विकलेली रायफल

गेल्या ऑक्टोबरात कोलोरॅडोतल्या मीकर गावाजवळच्या डोंगरात मी एल्क जातीच्या हरणाची एक मादी जखमी केली आणि ती मला सापडली नाही. अंतर २२० यार्ड. ती आडवी उभी होती, वारा नव्हता, रायफल पाठपिशवीवर टेकवलेली होती. गोळी फुप्फुसात जायला हवी होती, ती मागे पोटात गेली. रक्तात हिरवट घाण मिसळलेली दिसली तेव्हाच सोबतच्या मित्राचा चेहरा उतरला. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही माग काढत हिंडलो. ओढ्यापलीकडे थेंब संपले. पोटात गोळी घेऊन ते जनावर किती तास तडफडलं असेल, हा विचार अजून झोपू देत नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषयच संपला आणि तो संपला ते योग्यच झालं. इथे कोलोरॅडोत रीतसर परवाना काढून, वर्षाचं मांस घरात यावं म्हणून एल्कची शिकार करतात. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड जनावर. मादीच सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. मी इथला सक्तीचा हंटर एज्युकेशन कोर्स केला. त्यात बंदूक सुरक्षित कशी हाताळायची ते नीट शिकवतात. जुनी रायफल पारखायची कशी, हे मात्र त्यात नव्हतं.

एका ओळखीच्या माणसाने जुनी रायफल विकणाऱ्या एकाचं नाव सुचवलं. साठीचा, गोड बोलणारा. मी सांगितलं, थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) काडतुसाची रायफल बघतोय. तो म्हणाला, “एल्कला ती कमी पडते. तुला मॅग्नमच हवी,” म्हणजे जास्त दारूच्या, जास्त जोरदार काडतुसाची. ही पहिली थाप, आणि ती मी गिळली. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान ६ मिलिमीटर व्यासाची नळी, ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) वजनाची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ताकद एवढंच मागतो. थर्टी-ऑट-सिक्सची १८० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवरही १,५०० फूट-पौंडांच्या वर असते. १९०६ सालचं हे काडतूस, आणि त्याने एल्क पाडणाऱ्यांच्या इथे पिढ्या गेल्या. नवशिक्याला ते पुरून उरतं, शिवाय खांद्याला धक्काही कमी बसतो. जास्त धक्क्याची रायफल सतत चालवली की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची खोड लागते.

पण त्याला त्याची .३०० विनचेस्टर मॅग्नम खपवायची होती. “दोन खोकी, फक्त चाळीस काडतुसं उडालीत,” तो म्हणाला. दस्ता चकचकीत, नळी बाहेरून नव्यासारखी. मी चालवून बघायची अट घातली, तर तो लगेच तयार झाला. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, त्याने काडतुसं स्वतःची आणली, दारू आणि गोळी घरी भरलेली. १०० यार्डांवर तीन गोळ्या सव्वा इंचात बसल्या. मी खूश झालो. १,४०० डॉलर मोजले.

इथे खासगी व्यवहारालाही २०१३ पासून परवानाधारक दुकानदारामार्फत पार्श्वभूमीची चौकशी लागते. ती झाली. सरकारी प्रक्रिया पार पडली म्हणजे सगळं तपासलं गेलं, असं मला आतून वाटत राहिलं. पण तपासणी माझी झाली होती, रायफलची नव्हे.

मोसमाआधी मी दुकानातली १८० ग्रेनचीच काडतुसं घेतली आणि दोनच गोळ्या झाडून बघितल्या. दोन्ही मध्याजवळ लागल्या. काडतुसं महाग म्हणून तिथेच थांबलो. त्या कंजुषीची किंमत त्या मादीने मोजली.

परतल्यावर दुकानातल्याच काडतुसांनी दहा गोळ्या झाडल्या. सहा इंचांत विखुरल्या. गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याने, नळीत बोअरस्कोप हा बारीक कॅमेरा घातला आणि पडदा माझ्याकडे वळवला. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे जिथून सुरू होतात तिथे ते जवळजवळ झिजून गेलेले होते, आणि पुढचा पोलाद दुष्काळात आटलेल्या तळ्याच्या तळासारखा भेगाळलेला. मॅग्नममध्ये दारू जास्त जळते, तेवढी आच त्याच जागेवर येते. हजार-दीड हजार गोळ्यांत नळी अशी होऊ शकते. चाळीस गोळ्यांत हे होत नाही.

मग रेंजवर ती सव्वा इंचात कशी बसली? गनस्मिथने विचारलं, त्याची काडतुसं थोडी लांब होती का? माझ्याकडे त्यातली दोन उरली होती. मोजली, तर दुकानातल्यापेक्षा लांब निघाली. आटे झिजून पुढे सरकले की काही जण गोळी काडतुसात कमी खोल बसवतात, म्हणजे ती आट्यांच्या जवळ पोचते आणि नेम काही काळ सावरतो. स्वतःच्या रायफलसाठी असं करण्यात गैर काही नाही. गिऱ्हाइकापासून झीज लपवण्यासाठी केलं, तर ती सरळसरळ फसवणूक आहे.

फोन केला तर तो म्हणाला, पावतीवर “जशी आहे तशी” असं लिहिलंय आणि खाली तुझी सही आहे. खरंच होती.

जुनी रायफल घेणार असाल तर दुकानातून स्वतः खोकं विकत घेऊन जा आणि रेंजवर तेच वापरा. तीन गोळ्यांवर भुलू नका. दहा झाडा, मध्ये नळी निवू द्या. पैसे देण्याआधी बोअरस्कोप घालून घ्या, माझ्या गनस्मिथने त्याचे ४० डॉलर घेतले. किती गोळ्या उडाल्या हे विकणाऱ्याकडून पावतीवर लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर रायफल न घेता परत या.

मागच्या महिन्यात फोर्ट कॉलिन्सहून नागपूरच्या एका मुलाचा फोन आला. त्याच माणसाची दुसरी रायफल बघतोय म्हणाला, तीही मॅग्नम, तिच्याही चाळीसच गोळ्या उडालेल्या. मी त्याला एवढंच सांगितलं की आपलं खोकं घेऊन जातो असं कळव. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: त्या माणसाने रेंजवर यायचंच नाकारलं.