जुनी फाईल मागून घेणाऱ्या डॉक्टर: दुसऱ्या बाळंतपणाचा रिव्ह्यू

नाव टाकत नाहीये, कारण मॅडमना न विचारता त्यांचं नाव असं लिहिणं मला बरोबर वाटत नाही. पण ज्या कोणी आत्ता डॉक्टर शोधतायत त्यांना बघताना काय बघायचं ते कळावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लेक पाच महिन्यांची आहे, आत्ता झोपलीये, तेवढ्यात होईल तेवढं लिहून घेते.

हे माझं दुसरं बाळंतपण. पहिलं चार वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांकडे झालं, नॉर्मल झालं, बाळ ठणठणीत, त्यामुळे माझ्या डोक्यात "सगळं छान झालं होतं" असंच होतं आणि या मॅडमना पण मी पहिल्या भेटीत तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, फाईल आणलीस का? मी म्हटलं नाही, पण काही प्रॉब्लेम नव्हता मॅडम. तर म्हणाल्या, "असेलही नसेल, पण कागद घेऊन ये, डिस्चार्ज कार्डसकट." मला जरा कटकटच वाटली खरं तर, कारण ती फाईल आईकडे कुठल्या कपाटात होती देव जाणे. पण आणली. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं आणि एका पानावर थांबल्या, तिथे डिलिव्हरीच्या दिवशीचं बीपी लिहिलेलं, १५०/१००, आणि खाली लघवीत प्रोटीन दोन प्लस. "हे तुला कोणी सांगितलं होतं का?" कोणीच नव्हतं. चार वर्षं तो कागद आईच्या कपाटात पडून होता आणि मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

मग त्यांनी दहा मिनिटं बसून समजावलं. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जायला लागलं आणि त्याबरोबर लघवीत प्रोटीन दिसलं की त्याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात, वारेच्या रक्तपुरवठ्याशी त्याचा संबंध असतो आणि तो वाढत गेला तर आईच्या लिव्हर, किडनी, मेंदूपर्यंत त्रास जाऊ शकतो, बाळाची वाढ कमी होऊ शकते. एकदा झालं की पुढच्या वेळी व्हायची शक्यता वाढते. म्हणून त्यांनी मला १२ आठवडे पूर्ण झाल्यावर रोज रात्री ॲस्पिरिनची छोट्या डोसची गोळी सुरू केली. ही गोळी १६ आठवड्यांच्या आत सुरू करायची असते, त्याचा फायदा लवकर सुरू केली तरच नीट मिळतो, म्हणजे मी फाईल पाचव्या महिन्यात नेली असती तर ती संधी गेली होती. (कृपया हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नका, प्रत्येकीला लागत नाही.)

मला वाटतं प्रसूतितज्ज्ञाचं काम म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. आपल्याला वाटतं डॉक्टर म्हणजे डिलिव्हरीच्या वेळी येऊन बाळ बाहेर काढणारी व्यक्ती. पण कळांमध्ये तासन् तास आपल्याजवळ नर्स असते, मिडवाइफ असते, सगळं नीट चाललं असेल तर बाळंतपण त्याच पार पाडतात आणि उत्तम पार पाडतात. डॉक्टरचं खरं काम नीट चाललेलं आणि बिघडायला लागलेलं यातला फरक लवकर ओळखणं, आणि तो ओळखायचा तर आधीचे आकडे माहीत हवेत, एवढं सरळ आहे ते.

दुसरी गोष्ट तारखेची. माझी पाळी अनियमित, त्यामुळे पाळीवरून काढलेली तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख यात ९ दिवसांचा फरक आला, सोनोग्राफीत बाळ लहान दिसत होतं. मॅडमनी सोनोग्राफीची तारीख धरली आणि फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून टाकली, म्हणाल्या आता ही बदलायची नाही, पुढच्या सोनोग्राफीत मशीन दुसरी तारीख दाखवेल तरी नाही, कारण सुरुवातीला सगळी बाळं जवळपास सारख्या वेगाने वाढतात म्हणून मोजमाप अचूक येतं, नंतर प्रत्येकाची चण वेगळी. तेव्हा मी नुसती मान हलवली. नंतर या ९ दिवसांवर केवढं अवलंबून होतं ते पुढे येईलच.

चेकअप तसे नेहमीचेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून कमीत कमी ८ भेटी सांगितल्यात, माझ्या बीपीमुळे त्याहून बऱ्याच जास्त झाल्या. १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराला बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी, २४ ते २८ मध्ये साखरेची टेस्ट, हिमोग्लोबिन, लस, हे सगळीकडे होतं, त्यावर काय लिहू. फरक होता तो बीपी घेण्यात. पहिल्या ठिकाणी मी जिना चढून धापा टाकत आले की लगेच पट्टा बांधायचे, कधी उभ्या उभ्याच. इथे आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला टेबलावर, मध्ये बोलायचं नाही. नर्सने घेतलेला आकडा जास्त आला की मॅडम थोड्या वेळाने स्वतः परत घ्यायच्या. बाकी पोटावर टेप लावून पण दर वेळी मोजायच्या, विसाव्या आठवड्यानंतर सेंटीमीटर साधारण आठवड्यांइतके यायला हवेत, टेप कितीला मिळते सांगा, आणि बाळाची वाढ खुंटतेय का याचा पहिला इशारा त्यातून मिळू शकतो.

आणि त्यांनी मला काही गोष्टी तोंडपाठ करायला लावल्या होत्या. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यासमोर काजवे किंवा अंधुक दिसणं, बरगड्यांखाली पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर हातावर अचानक सूज, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता निघायचं, रात्रीचे तीन असले तरी. "उगाच आले असं वाटून घेऊ नकोस, उगाच आलेली मला चालते." हे वाक्य मी विसरणार नाही, कारण पहिल्या वेळी फोन करायलाच भीती वाटायची, पलीकडून वैतागलेला आवाज यायचा.

३४ व्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. झोप झाली नसेल म्हणून मी दुपारपर्यंत थांबले, मग ती यादी आठवली आणि गेले. बीपी १४८/९६, प्रोटीन एक प्लस. दोन दिवस ॲडमिट करून ठेवलं, प्लेटलेट्स, लिव्हर, किडनी सगळ्या टेस्ट, बाळाच्या ठोक्यांचा पट्टा, सोनोग्राफी. रिपोर्ट चांगले आले, डोकेदुखी थांबली, बीपीची गोळी सुरू झाली. घरचे सगळे घाबरलेले, नवरा म्हणाला मॅडम आत्ताच सिझर करून बाळ काढून घ्या ना, धोका कशाला. इथे मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटला, कारण "हो" म्हणणं त्यांना सोपं होतं, घरच्यांचीच मागणी होती. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की या आजारावर खरा उपाय डिलिव्हरी हाच आहे हे बरोबर, पण आत्ता आईचे रिपोर्ट चांगले आहेत आणि बाळाला पोटात मिळणारा प्रत्येक आठवडा त्याच्या फुप्फुसांसाठी मोलाचा आहे, रिपोर्ट बिघडले तर मी त्याच दिवशी डिलिव्हरी करेन, नाही बिघडले तर ३७ पूर्ण झाले की कळा सुरू करू, त्यापुढे थांबण्यात फायदा नाही. म्हणजे कधी थांबायचं आणि कधी नाही हे दोन्ही आधीच ठरलेलं. मग आठवड्यातून दोनदा चकरा, घरी रोज बीपी लिहून ठेवणं.

आणि ३७ आठवडे म्हणजे कुठल्या तारखेपासून मोजलेले? पाळीच्या तारखेने गेलो असतो तर तेव्हा बाळ खरं म्हणजे ३५ आठवडे ५ दिवसांचं असतं!! ९ दिवस आधी काढलं गेलं असतं बिचारं, सगळ्यांना वाटलं असतं दिवस भरलेत.

डिलिव्हरीबद्दल. पिशवीचं तोंड बंद होतं म्हणून ते उघडायला आधी बलून (आत फुगवतात तो छोटा फुगा) घातला, मग सलाईनमधून कळांचं औषध. फार वेळ लागला, तोंड ४ सेंटीमीटर उघडून मी तिथेच कित्येक तास अडकले होते आणि मला वाटलं संपलं, आता सिझर. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पण तसं म्हणून पाहिलं. मॅडम आल्या, ठोक्यांचा पूर्ण पट्टा वाचला, म्हणाल्या बाळाचे ठोके उत्तम, हिचं बीपी आटोक्यात, आणि औषधाने सुरू केलेल्या कळांना सुरुवातीला वेळ लागतोच, खरा वेग ५ सेंटीमीटरनंतर धरायचा असतो, थांबू. कंबरेत वेदनाशामक इंजेक्शन हवं का विचारलं, मी हो म्हटलं. आतून तपासायच्या आधी दर वेळी विचारायच्या, "तपासू का गं?" आणि कळ आली तर थांबायच्या. पहिल्या वेळी मला न विचारता बाळ यायच्या वाटेवर छेद दिला होता आणि त्याचे टाके मला दोन महिने बसू देत नव्हते. यावेळी छेद दिलाच नाही, सरसकट सगळ्यांना द्यायचा नसतो म्हणे, थोडं आपोआप फाटलं त्याला टाके घातले, आठवड्याभरात मी नीट बसत होते. नाळ लगेच कापली नाही, एक मिनिटाहून जास्त थांबल्या, तोवर बाळ माझ्या छातीवर.

मग ब्लीडिंग जास्त झालं. वार पडल्यावर पिशवी आवळली पाहिजे, ती आवळतच नव्हती. मला आठवतंय ते एवढंच की खोलीत एकदम माणसं वाढली पण आवाज वाढला नाही. एक जण पोटावरून पिशवी चोळतंय, एक जण दुसऱ्या हाताला सुई लावतंय, रक्त थांबवायचं औषध गेलं, आणि मॅडम मध्ये मध्ये मला सांगतायत काय चाललंय ते. सगळं मिळून ८०० मिली गेलं, ५०० च्या वर गेलं की जास्त धरतात. नंतर नर्सने सांगितलं की अशा वेळी नेहमी वापरतात त्यातलं एक इंजेक्शन बीपीवालीला देता येत नाही, आणि मॅडमनी ते मी ॲडमिट झाले त्याच दिवशी माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं, धावपळीत कोणाच्या हातून चूक होऊ नये म्हणून. ते लाल पेन आठवलं की अजून भरून येतं मला.

डिलिव्हरीनंतर तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, का तर बीपी बाळंतपणानंतर तीन ते सहा दिवसांत सगळ्यात वर जाऊ शकतं. पाचव्या दिवशी माझं १५२/१०० झालंच, गोळी वाढवली. पहिल्या वेळी मला थेट सहा आठवड्यांनी बोलावलं होतं. सहाव्या आठवड्यात इथे मनाबद्दलचा १० प्रश्नांचा कागद भरून घेतला, नुसतं "बरी आहेस ना" नाही.

आता जे आवडलं नाही ते. वेटिंग भयंकर, दोन तास ठरलेले, सातव्या आठव्या महिन्यात त्या खुर्च्यांवर दोन तास म्हणजे शिक्षा आहे, आणि उशीर होणार असेल तर एक मेसेज टाकता येतो हे रिसेप्शनला कळायला हवं. मॅडम बोलतात फार भरभर, प्रश्न लिहून नेले नाहीत तर निम्मे राहतात. आणि दूध पाजण्याच्या बाबतीत मदत कमी पडली, दिवसाची नर्स छान होती पण रात्री कोणीच नाही, लेक छातीला नीट धरत नव्हती आणि दोन रात्री मी रडून काढल्या. याचे मार्क मी कापणारच.

"नॉर्मल करतात का त्या?" हा प्रश्न मला आत्तापर्यंत चार जणींनी विचारलाय. मला तो प्रश्न पुरेसा वाटत नाही. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सिझरचं प्रमाण १० ते १५ टक्के असं म्हटलं होतं, पण तो आकडा अख्ख्या लोकसंख्येसाठी आहे, एका डॉक्टरला त्याने मोजता येत नाही, जिच्याकडे अवघड केसेस पाठवतात तिचे सिझर जास्तच असणार. त्यापेक्षा विचारा की सिझर ठरवताना कारण सांगतात का, तुम्ही नसाल तेव्हा कोण असेल (मला सातव्या महिन्यातच त्या दुसऱ्या डॉक्टरांची भेट घालून दिली होती), रक्त लागलं तर सोय काय, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, कळांच्या वेळी घरचं माणूस जवळ थांबू देतात का.

पाचपैकी साडेचार. शेवटच्या भेटीत त्यांनी फाईल मला परत दिली आणि पहिल्या पानावर नवीन ओळ होती, "दर वर्षी बीपी तपासणे", कारण ज्यांना हा त्रास होऊन गेला त्यांना पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयाचे आजार व्हायचा धोका जास्त असतो. फाईल आता आईच्या कपाटात नाही, माझ्याच कपाटात वरच्या कप्प्यात आहे. जाताना सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, वेटिंग कमी लागतं.