मराठी पवित्र शास्त्र: दुःखाच्या काळात वाचण्यासाठी

बायबलचे जुना आणि नवा करार हे दोन्ही भाग एकत्र असलेली ही छापील प्रत आजारपणात विकत घेतल्यामुळे, दुःखाचा अर्थ शोधणाऱ्या वाचकाला ती कितपत साथ देते, एवढ्याच दृष्टीने तिचे परीक्षण करीत आहे.

तिचे खरे मोल जुन्या करारातील ईयोबाच्या, म्हणजे निर्दोष असूनही हाल सोसणाऱ्या माणसाच्या, पुस्तकातील 42 अध्यायांत आहे. तीन मित्र सात दिवस व सात रात्री एकही शब्द न बोलता ईयोबाजवळ बसतात, तोवर सारे ठीक असते. परंतु तोंड उघडताच ते त्याच्या हालांचे खापर त्याच्याच पापावर फोडतात आणि अखेरीस देवाचा कोप त्यांच्यावरच होतो, हे आजाऱ्याला भेटायला येऊन उपदेश करणाऱ्यांनी (असे पुष्कळ असतात) अवश्य वाचावे. ईयोबाला मात्र कारण कळत नाही. वावटळीतून बोलणारा देव उलट त्यालाच प्रश्न विचारतो. तयार सांत्वन हवे असलेल्याला हे रुचणार नाही, मला ते प्रामाणिक वाटले. जुन्या करारातल्याच प्रार्थनागीतांपैकी स्तोत्र 88 तर अंधारातच संपते. स्तोत्र 22 च्या आरंभीचा, देवाने आपल्याला का सोडले हा आक्रोश वधस्तंभावर येशूच्या तोंडी येतो आणि ख्रिस्ती श्रद्धेतला देव स्वतः दुःख भोगणारा आहे, हे तेथे उमगते.

छपाई निराशाजनक आहे. अक्षरे बारीक असून पातळ कागदातून मागचा मजकूर दिसतो, त्यामुळे रुग्णासाठी मोठ्या अक्षरांची आवृत्तीच मागावी. केवळ नव्या कराराची पुस्तिका स्वस्त पडते, पण तिच्यात ईयोब नसतो.