अल्टेम १००० : दाणा अव्वल, पण आधी आपला ड्रायर आणि मोल्ड-हीटर तपासा

पॉलिकार्बोनेट १२०-१२५ अंशांपुढे हात टेकतं आणि पीईईके (पॉलिइथरइथरकीटोन) या त्याहून सरस प्लास्टिकचा भाव ऐकून ग्राहक मागे सरतो. या दोघांच्या मधल्या जागेसाठी जे प्लास्टिकचे दाणे मिळतात, त्यांत सॅबिक या सौदी कंपनीचा अल्टेम १००० हा जुना आणि भरवशाचा. रासायनिक नाव पॉलिइथरइमाइड, म्हणजे पीईआय. रंग पिवळसर तपकिरी, पण आरपार दिसणारा. हे परीक्षण काचेचे तंतू न घातलेल्या साध्या ग्रेडचं आहे आणि ते इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्यांसाठी आहे.

मत आधीच सांगतो. माल उत्तम आहे. त्याच्याबद्दल येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं : त्याला पॉलिकार्बोनेटच्या सेटिंगवर चालवलेलं असतं.

इमाइड कडी (उष्णता झेलणारी नायट्रोजनयुक्त रेणू-रचना) असलेला प्लास्टिक मशीनमध्ये वितळतो, हीच या दाण्याची खरी कमाई. ड्यूपॉन्टने विकसित केलेली कॅप्टॉन फिल्म याच घराण्यातली आणि उष्णतेला याहून कितीतरी पुढची. पण कॅप्टॉन वितळतच नाही. तापवत गेलो तर पातळ होण्याआधीच तिचं विघटन होतं, म्हणून ती द्रावणातून ओतून मग भाजावी लागते. बॅरल आणि स्क्रूला तिचा उपयोग नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जोसेफ वर्थ यांच्या गटाने या ताठ साखळीत वळणारे सांधे घातले. बिस्फेनॉल-एचा क्षार घेऊन त्याने नायट्रोथॅलिमाइडमधला नायट्रो गट हटवायचा, म्हणजे मध्ये इथरचा ऑक्सिजन येऊन बसतो. त्यातून डायअनहायड्राइड बनवायचं आणि त्याची मेटा-फिनिलीन डायअमाइनशी जोडणी करायची. इथरचा सांधा वळतो, बिस्फेनॉल-एमधला मधला कार्बन साखळीला कोन देतो आणि मेटा जोडणीमुळे साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. त्यामुळे स्फटिक बनत नाहीत आणि माल पारदर्शक राहतो. इमाइड कडी मात्र जागच्या जागी राहते, म्हणून काचबिंदू (ग्लास ट्रांझिशन, म्हणजे कडक प्लास्टिक मऊ पडू लागण्याचं तापमान) २१७ अंश सेल्सिअसवर टिकतो. साखळीची टोकं थॅलिक अनहायड्राइडने बंद केलेली असतात. बॅरलमध्ये ३७० अंशांवर माल शांत राहतो, त्यात या टोकांचा मोठा वाटा आहे. १९८२ मध्ये हा दाणा बाजारात आला आणि २००७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा प्लास्टिक विभाग सॅबिककडे गेला.

आकडे बोलके आहेत. १.८२ मेगापास्कल भाराखाली उष्णता-विचलन तापमान, म्हणजे पट्टी वाकू लागण्याचं तापमान, २०० अंशांच्या आसपास, ताणशक्ती १०५ ते ११० मेगापास्कल, घनता १.२७. ऑक्सिजन इंडेक्स ४७ (जळत राहायला हवेत ४७ टक्के ऑक्सिजन लागतो), म्हणजे वेगळं अग्निरोधक न घालताही यूएल ९४ या ज्वलन-चाचणीत व्ही-० श्रेणी मिळते. सतत वापराचं रेटिंग १७० अंश. एक गोष्ट पुष्कळांना पटत नाही : काच नसलेल्या पीईईकेचं हेच विचलन तापमान १५५ च्या आसपास असतं, म्हणजे अल्टेमपेक्षा कमी. पीईईकेचा काचबिंदू १४३ आहे आणि त्यापुढे तो मऊ पडतो. तरी स्फटिकांच्या जोरावर तो ३४३ अंशांपर्यंत वितळत नाही. अल्टेमकडे ते स्फटिक नाहीत. १५५ ते २०० च्या दरम्यान तो पीईईकेपेक्षा ताठ उभा राहतो आणि २१७ ला खेळ संपतो. त्यामुळे १८० अंशांवर भार घेऊन उभ्या राहणाऱ्या कनेक्टरला अल्टेम द्यावा. २४० अंशांचा झटका बसणाऱ्या भागाला तो देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे सुकवणी. दाणा हवेतून पाणी ओढतो : २४ तासांत ०.२५ टक्के, पूर्ण भरल्यावर १.२५ टक्क्यांपर्यंत. बॅरलमध्ये जाताना मात्र ०.०२ टक्क्यांहून जास्त चालत नाही. त्यासाठी १५० अंशांवर किमान ४ तास लागतात आणि काच घातलेल्या ग्रेडला ६ तास धरावेत. साधा हॉट-एअर हॉपर ड्रायर इथे कामाचा नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. बहुतेक ड्रायर १५० पर्यंत चढतच नाहीत. शिवाय वसई, भिवंडी किंवा रोह्याच्या पावसाळ्यात तो खोलीतली ओली हवाच गरम करून दाण्यावर सोडतो. डेसिकंट ड्रायर (आधी हवेतलं पाणी शोषून घेणारा) हवा, आणि त्याचा दवबिंदू उणे ३० अंश किंवा त्याहून खाली. दवबिंदूचा मीटर नसेल तर ड्रायर चालू आहे एवढंच कळतं. तो सुकवतो आहे का, हे कळत नाही. हॉपरचं माप काढताना सोपा हिशेब करा : मशीन तासाला ५ किलो खात असेल आणि सुकवणी ४ तासांची असेल, तर हॉपरमध्ये कायम २० किलो हवेत, हाताशी २५ असावेत. १० किलोचा हॉपर लावला तर दाणा २ तासांतच खाली उतरतो आणि सकाळी ठीक आलेला माल दुपारपासून चंदेरी रेघा दाखवू लागतो. सुकलेला दाणा उघड्या टबात ठेवणं म्हणजे वीज फुकट घालवणं.

बॅरल ३५० ते ४०० अंश. सुरुवात ३६० पासून करा, माल भरत नसेल तर दहा-दहाने वाढवा. साधे मायका हीटर बँड इथे लवकर जातात, सिरॅमिक लावा. नोझलचा हीटर आणि त्याचं थर्मोकपल स्वतंत्र असू द्या. तो टप्पा थंड पडला की पहिलाच शॉट अडकतो. स्क्रूचा वेग ४० ते ७० फेरे, बॅक प्रेशर ३ ते ७ बार. शॉटचं, म्हणजे एका वेळी मोल्डमध्ये ढकलायच्या मालाचं, वजन बॅरलच्या क्षमतेच्या ४० ते ६० टक्के राहील असं मशीन निवडा. मोठ्या मशीनवर १० ग्रॅमचा भाग काढायला गेलात, तर दाणा आत पडून राहतो, गडद होतो आणि काळे ठिपके यायला लागतात.

टनेज, म्हणजे मोल्ड बंद धरून ठेवण्याची ताकद, नीट धरा. माल घट्ट वाहतो, इंजेक्शनचा दाब ७० ते १२५ मेगापास्कल लागतो. प्रोजेक्टेड एरियाच्या (मोल्ड उघडण्याच्या दिशेने बघितल्यावर दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या) दर चौरस सेंटिमीटरला ०.५ ते ०.८ टन. १०० चौरस सेंटिमीटरच्या भागाला म्हणजे ५० ते ८० टन. आकुंचन ०.५ ते ०.७ टक्के आणि ते सगळ्या दिशांना जवळपास सारखंच. पॉलिकार्बोनेटचंही साधारण एवढंच असल्याने त्याचा जुना मोल्ड मापाला चालून जातो. मात्र त्या मोल्डला उष्णता झेपते का, हा प्रश्न उरतो.

कारण मोल्ड १३५ ते १६५ अंशांवर हवा. ९० अंशांच्या पाण्याच्या कंट्रोलरने हे होत नाही. तेलाचा कंट्रोलर किंवा कार्ट्रिज हीटर हवेत आणि मोल्ड व प्लेटनच्या मध्ये इन्सुलेशनची पाटी. नाहीतर निम्मी उष्णता मशीन पिऊन टाकतं. पैसे वाचवायला सर्वाधिक लोक इथेच हात आखडतात आणि नुकसान लगेच दिसत नाही, हाच धोका. १०० अंशांच्या मोल्डमधून निघालेला भाग चकचकीत असतो, मापात बसतो, तपासणीत पास होतो. पण त्याचं बाहेरचं कातडं क्षणात गोठलेलं असतं आणि आतला गाभा नंतर आकसलेला असतो. तो ताण भागात तसाच कोंडून राहतो. महिन्याभराने ग्राहक स्क्रू आवळतो किंवा सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसतो आणि बॉसभोवती (स्क्रू बसण्याच्या उंचवट्याभोवती) भेग जाते. मग दोष दाण्यावर येतो. गरम मोल्डचा आणखी एक फायदा म्हणजे वेल्ड लाइन (मालाचे दोन प्रवाह जिथे मिळतात ती रेघ) पक्की होते.

दोष ओळखताना जागा बघा. रेघा सगळ्या भागावर असतील तर ओलावा. फक्त गेटपाशी (माल मोल्डमध्ये शिरण्याच्या तोंडापाशी) असतील तर गेट लहान किंवा वेग जास्त. भरण्याच्या शेवटच्या टोकाला काळा डाग म्हणजे हवा अडकली. व्हेंट (हवा बाहेर जायची फट) ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर खोल द्या. शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला भाग) आला की ऑपरेटरचा हात आधी दाबाकडे जातो. इथे आधी मोल्डचं तापमान वाढवून बघावं.

डिझाइनमध्ये एक सापळा आहे. डेटाशीटवर तुटण्याआधीची लांबवाढ ६० टक्के दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण खाच पाडलेल्या पट्टीची आयझॉड आघातशक्ती सपाट पट्टीच्या विसाव्या भागाइतकीही उरत नाही. आतल्या कोपऱ्याला त्रिज्या न देता अल्टेम वापरू नये. भिंतीच्या जाडीच्या निम्मी त्रिज्या हा चांगला अंदाज आहे. थ्रेड कापणारे सेल्फ-टॅपिंग स्क्रू टाळा, पितळी इन्सर्ट बसवा.

रसायनांत तेल, पेट्रोल, अल्कोहोल, सौम्य आम्लं यांना तो दाद देत नाही. डायक्लोरोमिथेनमध्ये तो सरळ विरघळतो. एमईके आणि तत्सम कीटोन ताण असलेल्या जागी भेगा पाडतात. तीव्र अल्कलीत इमाइड कडी उघडते, म्हणून कॉस्टिकने धुतल्या जाणाऱ्या भागांना हा माल देऊ नका. वाफेत वारंवार निर्जंतुक करायच्या साधनांसाठी पॉलिफिनिलसल्फोन अधिक टिकतो.

मशीन बंद करताना माल बॅरलमध्ये गोठू देऊ नका. आधी काच घातलेलं पॉलिकार्बोनेट किंवा उच्च तापमानाचं पर्जिंग कंपाउंड चालवा, मग तापमान टप्प्याटप्प्याने उतरवत एचडीपीई. याहून महत्त्वाचं म्हणजे सुरुवात. त्या मशीनवर आधी ॲसिटल किंवा पीव्हीसी चालला असेल, तर बॅरल पूर्ण साफ झाल्याशिवाय तापमान ३५० कडे नेऊ नका. ॲसिटल तिथे फॉर्मल्डिहाइड वायू सोडतो आणि दाबाने गरम माल नोझल किंवा हॉपरमधून उसळतो. पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतो. यात माणसं भाजतात. रनर (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेला माल) दळून २५ टक्क्यांपर्यंत परत घालता येतात, अट एवढीच की दळलेला मालही तितकाच सुकवायचा आणि भुगा चाळून काढायचा.

ग्रेड निवडताना भिंत पातळ असेल तर १०१० घ्या, त्याचा मेल्ट फ्लो जवळपास दुप्पट आहे. ३० टक्के काचेचा २३०० ताठपणासाठी घ्यावा, उष्णतेसाठी नाही. अस्फटिक मालात काच घालून विचलन तापमान फार चढत नाही, २१० च्या आसपासच थांबतं. स्क्रू आणि गेट मात्र तो झिजवतो, त्यासाठी कडक पोलाद लागतं. थ्रीडी प्रिंटिंगमधला ९०८५ हा पॉलिकार्बोनेट मिसळलेला वेगळा प्रकार आहे, त्याचा काचबिंदू १८६ च्या जवळ. त्यावर छापलेला नमुना २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून मोल्ड केलेल्या भागाचा अंदाज बांधू नका.

पहिली ट्रायल मात्र नैसर्गिक रंगाच्या दाण्यावरच घ्या, ग्राहकाला काळा हवा असला तरी. पारदर्शक भाग दोन पोलरॉइड पत्र्यांमध्ये धरून उजेडाकडे बघितला की कोंडलेला ताण रंगीत पट्ट्यांत दिसतो. गेट आणि बॉसपाशी पट्ट्या दाट असतील तर मोल्ड १० अंशांनी वाढवून पुन्हा बघा. पट्ट्या विरळ झाल्या की ते सेटिंग लिहून ठेवा आणि मगच काळ्या दाण्याची पिशवी फोडा.