आयपी ६७ की मिल-एसटीडी-८१०? मैदानी उपकरण निवडताना दोन्हींतला फरक

रेडिओ संच असो, टॅब्लेट असो की बॅटरीचा डबा, मैदानात वापरायच्या उपकरणाच्या माहितीपत्रकावर दोन ओळी हमखास दिसतात: ‘आयपी ६७’ आणि ‘मिल-एसटीडी-८१०एच नुसार चाचणी’. शेजारी शेजारी छापल्यामुळे दोन्ही एकाच जातीच्या वाटतात. प्रत्यक्षात पहिली ओळ ठरलेल्या परीक्षेचा निकाल सांगते. दुसरी फक्त पुस्तकाचं नाव सांगते. त्यातला कोणता धडा घेतला, ते गुलदस्त्यातच.

आयपी म्हणजे धूळ-पाणी आत शिरण्यापासूनचं संरक्षण; त्याचे आकडे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. चाचणी सगळ्यांना सारखीच, त्यामुळे दोन उत्पादकांचे ‘६७’ समोरासमोर ठेवता येतात. चाचणी झटपट होते आणि स्वस्तात पडते. तिचं बळ एवढंच, आणि ते कमी नाही.

मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचणी-मानक. पहिली आवृत्ती १९६२ची, ‘एच’ आवृत्ती जानेवारी २०१९ची. तिच्यात ५०० ते ५२८ अशा २९ पद्धती आहेत आणि बहुतेक पद्धतींच्या पोटात दोन-तीन वेगळ्या प्रक्रिया. उपकरण कुठे साठवणार, कशातून नेणार, कुठे वापरणार हे आधी ठरवा आणि त्यावरून चाचणीची तीव्रता बेता, असं मानकाचा पहिला भागच सांगतो. म्हणून सरसकट ‘८१० पास’ असं काही नसतं, आणि संरक्षण खातं तसं प्रमाणपत्रही देत नाही. पद्धत, प्रक्रिया आणि पातळी लिहिलेली नसेल तर ती ओळ जाहिरात समजावी.

पाणी: इथे खरी फसगत होते

आयपीएक्स ७ (ज्या आकड्याबद्दल बोलायचं नाही त्याच्या जागी एक्स) म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं. ८१०च्या ५१२.६ या बुडवण्याच्या पद्धतीतही नेहमीचे आकडे तेच: १ मीटर, ३० मिनिटं. मग दुसरी चाचणी कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर तापमानात आहे. आयपीच्या चाचणीत उपकरण आणि पाणी यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही. ५१२.६ मध्ये उन्हात तापलेल्या उपकरणासाठी ते पाण्यापेक्षा २७ अंशांनी गरम करून बुडवतात.

हिशोब करून पाहा. डबा ४७ अंशांवर बंद केला आणि २० अंशांच्या पाण्यात टाकला. आतली हवा पाण्याइतकी थंड झाली आणि भिंती ताठ राहिल्या, तर आतला दाब सुमारे ८.५ किलोपास्कलने उतरतो. १ मीटर पाण्याचा बाहेरून येणारा दाब ९.८ किलोपास्कल. म्हणजे गॅस्केटवर, म्हणजे झाकणाच्या फटीतल्या रबरी पट्टीवर, एकूण १८ किलोपास्कलच्या वर ताण, जवळजवळ पावणेदोन ते दोन मीटर खोलीइतका. उन्हात ठेवलेला संच ओढ्यात पडला की नेमकं हेच होतं: डबा आतून पाणी ओढतो. भिंती थोड्या आत दबल्या तर ताण कमी होतो, पण मग झाकणाची कड वाकते आणि गॅस्केट तिथेच जागा सोडतं.

दाब समतोल करणारा पडदा, म्हणजे व्हेंट, बसवला की प्रश्न मिटला असं अनेक जण धरतात. हवेत तो काम करतो. पाण्याखाली मात्र आत यायला बाहेर हवाच नसते, त्यामुळे आतली पोकळी तशीच राहते. म्हणून पडद्याची पाणी रोखण्याची क्षमता वरच्या बेरजेपेक्षा चांगली वर हवी, नुसत्या १ मीटरपेक्षा नव्हे.

आणखी दोन गोष्टी. आयपीएक्स ७ म्हणजे आत थेंबही नाही, असं नव्हे. अपाय होईल इतकं पाणी शिरता कामा नये, एवढीच अट आहे. शिवाय ‘६७’ मध्ये ‘६५’ किंवा ‘६६’ आपोआप येत नाही. बुडवणं वेगळं, फवारा वेगळा: आयपीएक्स ६ मध्ये १२.५ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाणी मारतात. वाहनावर बसवून पाइपने धुतलं जाणारं उपकरण असेल तर ‘आयपी ६६/६७’ अशी दुहेरी नोंद मागा.

धूळ आणि वाळू

आयपी ६एक्सच्या चाचणीत टाल्कम पावडर वापरतात. डब्यात हलकी पोकळी निर्माण करून धूळ आत येते का ते बघतात. टाल्क मऊ, त्यामुळे शिरकाव कळतो, झीज कळत नाही. ८१०च्या ५१०.७ मध्ये १५० मायक्रोमीटरखालची धूळ सेकंदाला सुमारे ८.९ मीटर वेगाने उडवतात, आणि वाळूच्या प्रक्रियेत १५० ते ८५० मायक्रोमीटरचे कण १८ ते २९ मीटर वेगाने. टाल्कमधून सहज सुटलेलं उपकरण इथे स्क्रीनवरचे ओरखडे, घट्ट झालेली बटणं आणि जोडणीच्या पिनांमधला कण यांवर अडकतं.

आयपी जे विचारतच नाही

पडणं, कंपन, साठवणीतली उष्णता, खारट धुकं यांचा आयपीशी संबंधच नाही. ५१६.८ च्या हाताळणीतल्या पाडणीत ४५ किलोपर्यंतचं उपकरण नेहमीच्या पातळीला १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पडतं: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. हे २६ धक्के पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा आहे. ती नियमातच आहे, पण मग प्रत्येक नमुना पाच-सहा वेळाच पडलेला असतो. नमुने किती होते ते विचारा. कोणत्या पृष्ठभागावर पाडले तेही.

५१४.८ चं कंपन सगळ्यात नाजूक. ट्रक, रणगाडा आणि हेलिकॉप्टर यांच्या कंपनाचे आलेख एकमेकांच्या जागी चालत नाहीत. अहवालात आलेख, अक्ष आणि प्रत्येक अक्षाची मिनिटं हवीतच.

कंपनात स्क्रू ढिले होतात, गॅस्केटचा दाब उतरतो. आयपीचा नमुना मात्र नवा आणि स्वच्छ असतो. म्हणून आयपीचा आकडा पहिल्या दिवसाचा धरावा.

विद्युतचुंबकीय त्रास आणि वाहनाच्या २८ व्होल्ट लाइनवरचे चढउतार ८१०मध्येही नाहीत. त्यांसाठी मिल-एसटीडी-४६१ आणि १२७५ वेगळी मागावी लागतात. गाडीवर बसणाऱ्या संचात हे विसरलं, तर पाण्यातून वाचलेला संच इंजिन सुरू करताना बंद पडतो.

मग घ्यायचं काय?

गोदामातला स्कॅनर, छताखालचं सर्वेक्षण, कधीमधी पाऊस एवढंच काम असेल तर आयपी ६५ किंवा ६७ आणि सोबत पाडणीचा अहवाल पुरे. त्यावर ८१०चा खर्च उगाच.

वाहन, उघडं ऊन, नदीपार, महिनोन्महिने बंद कंटेनरमध्ये साठवण यांपैकी काहीही असेल तर ८१० हवं, पण नावाने नव्हे, कलमाने. उदाहरणार्थ: ‘५१२.६, प्रक्रिया १. १ मीटर, ३० मिनिटं. उपकरण पाण्यापेक्षा २७ अंश गरम. कंपन आणि पाडणी झालेलाच नमुना. नंतर उघडून आत पाणी नाही याची छायाचित्रांसह नोंद.’ साठवणीसाठी ५०१.७: अतिउष्ण प्रदेशाचं चक्र ३३ ते ७१ अंशांचं, किमान सात चक्रं. एवढं लिहिलं की निविदाधारकांचे निम्मे प्रश्न आपोआप बाहेर येतात.

अहवाल हाती आला की नमुन्याचे फोटो आधी पाहा. चार्जिंग आणि डेटाच्या खाचांवर रबरी टोपणं बसवून चाचणी झाली असेल, तर आकडा टोपण बंद असतानाचाच. केबल लावून वापरायचं असेल तर केबल लावलेल्या अवस्थेतली चाचणी वेगळी मागा.