अल्साची मिक्सर-टेस्ट: आठ महिन्यांनंतर

आमच्या ऑडिओ बोर्डावर रोज रात्री नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) चढला की लिनक्सच्या सेल्फटेस्टमधली, म्हणजे कर्नलसोबतच येणाऱ्या चाचण्यांमधली, अल्साची मिक्सर-टेस्ट चालते. अल्सा म्हणजे लिनक्सची आवाज हाताळणारी यंत्रणा. मार्क ब्राऊन यांनी लिहिलेली ही चाचणी लिनक्स 5.17 पासून कर्नलच्या सोर्समध्येच मिळते. साउंड कार्डावरचा एकेक कंट्रोल (व्हॉल्यूम, म्यूट वगैरे) घेऊन ती चालणारी मूल्यं लिहून बघते, मग मुद्दाम न चालणारी लिहिते आणि शेवटी मूळ मूल्य जागेवर ठेवते.

पहिल्याच रात्री हेडफोन व्हॉल्यूमपुढे ‘इव्हेंट मिसिंग, नॉट ओके’ आलं, म्हणजे मूल्य बदलल्याची सूचना आलीच नाही, चाचणी नापास. मला पटेना, आवाज तर नीट कमी-जास्त होत होता. एका टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (पट्ट्यांवर व्हॉल्यूम दाखवणारा प्रोग्राम) उघडं ठेवून दुसऱ्यातून एमिक्सर या कमांडने व्हॉल्यूम वाढवला. कानात आवाज वाढला, पण पहिल्या खिडकीतली पट्टी जागची हलली नाही! आमच्या ड्रायव्हरचं पुट फंक्शन (कंट्रोलचं नवं मूल्य लिहिणारं) चिपमधलं रजिस्टर बदलायचं आणि शून्य परत करायचं. मूल्य बदललं तर 1 परत करायचा असतो, तरच अल्सा बाकीच्या प्रोग्रामना कळवतं. दुरुस्ती एका ओळीची होती. चाचणी नसती तर हीच चूक आम्ही आठवडाभर ॲपमध्ये शोधत बसलो असतो.

दुसरी चूक जास्त गंभीर. माइक गेनची मर्यादा 0 ते 31. चाचणीने 32 लिहिले, ड्रायव्हरने मुकाट घेतले आणि वाचल्यावर 32च दिले. पाच बिटांत न मावलेला तो आकडा शेजारच्या म्यूट बिटावर जाऊन पडत होता. कर्नलच्या सामाईक फंक्शनमध्येही अशी मूल्यं नाकारण्याची दुरुस्ती 2022 मध्ये झाली, तेव्हा स्वतःचं पुट फंक्शन लिहिणाऱ्यांनी हे आधी तपासा.

एक कळकळीची सूचना: चाचणी व्हॉल्यूम अगदी कमाल टोकापर्यंत नेते. काही वाजत असताना हेडफोन कानाला लावू नका, स्पीकरही काढून ठेवा.

आवाज खरंच चांगला येतो का, हे मात्र तिला कळत नाही. सोबतची पीसीएम-टेस्टसुद्धा (ऑडिओ डेटा वाजवण्या-रेकॉर्ड करण्याची चाचणी) शांतताच वाजवते आणि डेटा वेळेत पुढे सरकतो का एवढंच बघते. आवाज तपासण्यासाठी आम्ही लाइन-आउट केबलने लाइन-इनला जोडून अल्साबॅट हा चाचणी-प्रोग्राम चालवतो. ते एरवी 997 हर्ट्झचा सूर वाजवून परत ऐकतं. आम्ही डाव्या-उजव्या चॅनलला वेगळे सूर देतो, म्हणजे अदलाबदल झाली तर लगेच सापडते.

मिक्सर-टेस्टचं एक ‘नॉट ओके’ अजून तसंच आहे. एका कंट्रोलच्या नावाच्या शेवटी ‘स्विच’ आहे, पण तो चाचणीला अपेक्षित असलेल्या चालू-बंद प्रकारचा नाही, त्याला तीन पर्याय आहेत. नाव बदललं तर ग्राहकांकडे गेलेल्या बोर्डांवरच्या सेटिंग फाइल्स मोडतील, म्हणून आम्ही त्याला हात लावलेला नाही.