रॉड होल्डर बसवून घेताय? डेकखाली हात घालून नट चाचपा

नारळी पौर्णिमेच्या आधी नवी मुंबईतल्या सारसोळ्याच्या जेट्टीवर होड्यांच्या डागडुजीची घाई असते आणि नेमकं तेव्हाच फसवणाऱ्या फिटरचं फावतं. एका १८ फुटी फायबर होडीवर फिटरने चार रॉड होल्डर, म्हणजे मासेमारीचा रॉड उभा धरणाऱ्या नळ्या, बसवले. ठरलं होतं ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, आरपार बोल्ट, खालून आधाराची प्लेट आणि मरीन सीलंट. महिन्याभरात एक होल्डर रॉडसकट खाडीत गेला. उरलेले तीन खोलले, तर ठरल्यातलं काहीच केलेलं नव्हतं.

वरून सहाकोनी डोकं दिसतं म्हणून बोल्ट वाटतो. निघाले सेल्फ टॅपिंग स्क्रू, म्हणजे खाली नट नसलेले, स्वतःच आटे पाडत आत जाणारे. डेकचं फायबर जेमतेम ४ मिमी, त्यात दोन-तीन आट्यांचीच पकड. रॉड होल्डर म्हणजे तरफ. ६० सेंमी वर १० किलोची ओढ बसली आणि बैठक १० सेंमीची असली, तर मागच्या स्क्रूंवर ६० किलो येतात. झटक्याला त्याहून जास्त. भोकांतून फायबरची पांढरी भुकटी गळत होती.

'चुंबक चिकटत नाही, बघा' हा फिटरचा पुरावा मानू नका. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक फारसं चिकटत नाही, पण खाऱ्या पाण्यात ते लवकर गंजतं. ३१६ टिकतं ते त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे. बोल्टच्या डोक्यावर 'ए४-७०' किंवा 'ए४-८०' कोरलेलं बघा. 'ए२' म्हणजे ३०४. सीलंट लावताना व्हिनेगरसारखा उग्र वास आला, तर ते बाथरूमचं सिलिकॉन. इथे तेच होतं, नखाने पट्टीसारखं सोलून निघालं.

समोर उभं राहून काम करून घ्या. भोकाची वरची कड आधी तिरपी घासायची, नाहीतर जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, तडे जातात. डेकच्या पोटात लाकूड किंवा फोम असेल तर भोक मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरायचं, सुकलं की पुन्हा पाडायचं; हे टाळलं की पाणी आत मुरून लाकूड कुजतं. खाली १२ मिमी मरीन प्लायची, इपॉक्सी लावलेली प्लेट, बैठकीपेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी. त्यावर रुंद वॉशर, मग नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा. पॉलियुरेथेन सीलंट लावून आधी हलकंच आवळा, ते सुकल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्ण. पहिल्याच दिवशी करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं.

'खाली हात जात नाही' हे उत्तर मिळालं, तर तिथे सहा इंची झाकण बसवून मागा. बिलावर नुसतं 'एसएस फिटिंग' लिहू देऊ नका. ग्रेड लिहून घ्या आणि नट हाताला लागेपर्यंत निम्मे पैसे राखून ठेवा.